विरजणाचा दगड

तेजल माहेराहून सासरी निघाली की तिची पिशवी तिच्या आईनेच, म्हणजे हर्षलानेच, भरायची. पिशवीतल्या वस्तू साधारण ठरलेल्या असत. आमसुलं, सोड्यांची पुडी, मुळाशी माती राखून बांधलेली अबोलीची नाहीतर अळवाची दोन रोपं, आणि स्टीलच्या लहान डब्यात विरजण. सासरी आपल्या हातचं दही घट्ट लागत नाही, ही तेजलची लग्नापासूनची तक्रार. डबा पुढच्या खेपेला परत यायचा, पण रिकामा कधीच नाही. रिकामा डबा कोणी कोणाला परत देत नाही. तेजलच्या सासरचं कांदळजुवा हे बेट खाडीच्या पोटात होतं, आणि तिथली कालवं, म्हणजे खडकावरचे शिंपले, माहेरच्या खडपवाडीतल्यापेक्षा चवीला गोड. ती फोडून, हळद-मीठ लावून, डबा काठोकाठ भरून यायची.

त्या वर्षी दिवाळीनंतर पिशवीत आणखी एक वस्तू होती. ओल्या गोणपाटात गुंडाळलेला, नारळाएवढा दगड.

"आये, ह्यां काय गो?" तेजलने पिशवी उचलून पाहिली आणि पुन्हा खाली ठेवली.

"चकली. बांधावरची. खाडीत घालीपर्यंत गोणपाट सुकाक देव नको."

"डॉक्टरणीन बोर्ड लावल्यान हा. दगड हलवू नये म्हणान."

"मी खय हलवतंय?" हर्षला म्हणाली. "मी लेकीक देतंय."

तेजल हसली. मग तिला सासरच्या अंगणात शिरणारं भरतीचं पाणी आठवलं आणि ती हसायची थांबली. "लागतली काय पण ती थय? एवढ्याशा दगडान?"

"विरजण कितीसा लागता? चमचाभर. लागला की आपसूक लागता."

आता ही चकली म्हणजे काय, ते नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे.

गोगलगाय म्हटली की आपल्यापुढे पाठीवर घर घेऊन सावकाश सरकणारा जीव येतो. उष्ण समुद्रांच्या खडकाळ किनाऱ्यांवर आणि प्रवाळांच्या खडकांवर तिची एक चुलत बहीण राहते. तिला कृमी-गोगलगाय म्हणतात. अंड्यातून बाहेर येते तेव्हा तीही चारचौघींसारखीच असते. लहानसा वळणदार शंख, सरकायला पाय. थोडं इकडेतिकडे हिंडते, एक जागा निवडते, आणि तिथल्या खडकाला आपला शंख चिकटवून टाकते. हे चिकटणं जन्मभराचं. त्यानंतर तिचा शंख नीटस गोल वाढत नाही. तो वेडीवाकडी नळी होऊन वाढतो, जणू चकल्या पाडताना कुणाचं लक्ष दुसरीकडेच होतं. खडपवाडीच्या पोरांनी तिला चकली हे नाव दिलं ते उगाच नाही.

ज्याला चालता येत नाही त्याने जेवायचं कसं? ती जाळं टाकते. अंगातून चिकट, पारदर्शक धागे सोडते. ते पाण्यात पसरतात, पाण्यात तरंगणारे डोळ्यांना न दिसणारे जीव त्यांत अडकतात, आणि मग ती धागा तोंडाने आत ओढून जाळ्यासकट सगळं गिळून टाकते. शेजारणींचे धागे एकमेकींत मिसळतात आणि सगळ्यांचं मिळून एकच मोठं जाळं होतं. शेकडो जणी एका ताटात जेवतात म्हणा ना.

अशा शेकडो, हजारो नळ्या एकमेकींना चिकटल्या की खडकावर दगडी कठडा तयार होतो आणि लाटा त्यावर फुटतात. निसर्गात या कामाला माणसाची कित्येक आयुष्यं लागतात. डॉ. मृण्मयी देवस्थळी आणि तिच्या प्रयोगशाळेतल्या माणसांनी ते काही वर्षांत होईल असं केलं. त्यांनी कृमी-गोगलगायीच्या बीजात दोन बदल केले. पहिला बदल असा की नळी पाण्यातला चुना भराभर ओढून घेते आणि झपाट्याने वाढते. दुसरा बदल म्हणजे एक कुलूप. पिल्लू अंड्यातून निघाल्यावर वीत-दोन विती सरकतं. तेवढ्यात त्याला आपल्या जातीच्या जुन्या शंखाचा वास लागला तरच ते चिकटतं, नाहीतर मरून जातं. म्हणजे भिंत आपल्याच अंगावर वाढत राहते, भलतीकडे पसरत नाही.

समुद्र तेव्हा दरवर्षी थोडाथोडा वर येत होता. खडपवाडीने सिमेंटचे बंधारे बांधून पाहिले होते. लाटा ते फोडत, आणि जे फुटत नसत त्यांच्या डोक्यावरून पाणी जाई, कारण सिमेंट वाढत नाही. जिवंत भिंत वाढते. पाणी वर चढलं की तीही भरतीला गाठायला वर चढते. मृण्मयीने हे वाडीच्या शाळेत मुलांना चकलीचं पीठ आणि सोऱ्या घेऊन समजावून सांगितलं होतं, आणि मुलांनी ते घरी जाऊन सांगितलं होतं. बांध उभा राहिला त्या आधीच्या वर्षी हर्षलाच्या स्वयंपाकघराची मागची भिंत दर्याने नेली होती, पाणी तापवायच्या हंड्यासकट. बांध झाल्यापासून भरतीचा इशारा फोनवर वाजला तरी हर्षला कूस बदलून झोपायची.

खडपवाडीच्या बांधानंतर वाळूची लांब पुळण होती, आणि पुळणीनंतर खाडीचं तोंड. वाळूवर ना खडक, ना जुन्या शंखाचा वास. पिल्लाने ती ओलांडणं शक्यच नव्हतं. मृण्मयीने वारा मोजला होता, प्रवाह मोजला होता, मासे पिल्लं गिळून दुसरीकडे टाकतील का तेही तपासलं होतं. तिचं गणित बरोबर होतं. माहेरची पिशवी मात्र त्या गणितात कुठेच नव्हती.

कांदळजुव्याला बांध मंजूर झाला नव्हता. घरं थोडी, म्हणून नियमात बसत नव्हतं. तुम्ही तिथून उठा, असा सरकारी सल्ला होता. प्रत्येक पौर्णिमा-अमावास्येला तिथल्या अंगणात पाणी यायचं, तुळशीला वेढा घालायचं, आणि तेजलची सासू पाटावर पाय वर घेऊन बसून सुनेकडे बघत म्हणायची, "म्हायेराक बांध, आनी आमच्या चुलीत दर्या. बरा आसा बाय तुमचा."

दगड खाडीत गेला. तेजलने तो जुव्याच्या तोंडाशी, जुन्या दगडी गडग्याच्या, म्हणजे कुंपणाच्या भिंतीच्या पायथ्याला, भरतीचं पाणी लागेल असा बसवला. विरजणासारखंच झालं. आधी बरेच दिवस काही दिसेना. मग गडग्याच्या चिऱ्यांवर पांढऱ्या बारीक वळवळी उमटल्या. पुढच्या पावसाळ्यापर्यंत गडगा एकसंध झाला, आणि त्यानंतरच्या दिवाळीत जुव्याच्या अंगणांत पणत्या जमिनीवर ठेवता आल्या.

हर्षला होडीने मुद्दाम बघायला गेली. विहीणबाईंनी तिला कोरड्या अंगणात खुर्ची मांडून दिली.

"तुमच्या विरजणाचा दही घट लागला हां, विहीणबाई," सासू म्हणाली. "पयल्यांदाच."

"चेडवाच्या हातान लागला," हर्षला म्हणाली. "मी फकत दिलंय."

त्या खेपेला डबा इतका भरून आला की झाकण लागेना. वर फडकं बांधावं लागलं.

पुढच्या वर्षी डबा आला तेव्हा झाकण सहज लागलं होतं. हर्षलाने ते पाहिलं. त्यानंतर एकदा डब्यात कालवं तळाशी होती आणि वर तेजलने सुक्या मोरी माशाचे तुकडे भरून दिले होते. कालवं बारीक होती, पाणचट, शिजल्यावर बोटाच्या पेराएवढीही राहिली नाहीत.

"औंदा कालवां अशी कशी गो?" हर्षलाने फोनवर विचारलं.

"अशीच गावतत," तेजल म्हणाली. "दर वरसाक बारकी."

कालवं काढणं हे जुव्यावरच्या बायकांचं काम. ओहोटीला चिखलात उतरायचं, खडकाला चिकटलेलं कालव लोखंडी टोच्याने उघडायचं, आतला गर काढून भांड्यात टाकायचा. तेजलचा नवरा होडीवर जायचा, पण घर चालायचं ते तेजलच्या आणि सासूच्या भांड्यावर. आता टोचा लावला की निम्मे शिंपले पोकळ निघत होते. ओहोटीचं पाणी उतरताना खाडीवर काहीतरी तरंगताना दिसे. ओलं, तलम, मलमलीच्या कापडासारखं. ते पायांना गुंडाळायचं, टोच्याला लोंबायचं. सासू त्याला दर्याचा शेंबूड म्हणायची आणि हात झटकायची.

मृण्मयी जुव्यावर आली ती तेजलनेच बोलावलं म्हणून. बॅटरीच्या होडीतून ती गडग्याशी उतरली, वाकून पाहिलं, आणि बराच वेळ वाकलेलीच राहिली. मग तिने एक काचेची बरणी खाडीच्या पाण्याने भरली, त्यात गडग्यावरून काढलेला एक नळ्यांचा गुच्छ सोडला, आणि तेजलला म्हणाली, "बघत राहा."

थोड्या वेळाने नळ्यांच्या तोंडांतून धागे निघाले. बरणीतलं पाणी आधी मातकट होतं. ते हळूहळू निवळत गेलं. इतकं निवळलं की बरणीच्या पलीकडचं सासूचं लुगडं स्वच्छ दिसू लागलं.

"पाणी सोच्च झाला," तेजल म्हणाली.

"हो. त्यातलं सगळं खाऊन झालं."

मृण्मयीने तिला समजावून सांगितलं ते असं. कालवही पाणी गाळूनच जेवतं. जे अन्न चकली जाळ्यात धरते, तेच कालव चोखून घेतं. बाहेरच्या दर्यात लाटा आहेत. त्या सतत नवं अन्न आणतात आणि जाळी फाडूनही टाकतात, म्हणून तिथे दोघांचं भागतं. खाडीत पाणी संथ. इथे जाळी फाटत नाहीत. ती या काठापासून त्या काठापर्यंत अखंड पसरतात. शिवाय कालवाचं पोर लहान असताना खडकावर नसतं. जन्मल्यावर दोन-तीन आठवडे ते पाण्यात नुसतं तरंगत फिरतं, टाचणीच्या टोकापेक्षाही लहान. ते जाळ्यात अडकतं आणि गिळलं जातं.

"म्हणजे जुनी उपाशी, आनी नवीन जल्माक येताच खाल्ली," तेजल म्हणाली.

"हो."

"आमी फोडून काढू तेका. सगळ्यो बायलो मिळान."

त्यांनी फोडलंही. जुव्यावरच्या बायका सगळा हिवाळाभर ओहोटीला हातोडे घेऊन गडग्यावर बसल्या. पण फुटलेल्या नळ्यांचे तुकडे चिखलात पडले, प्रत्येक तुकड्याला जुन्या शंखाचा वास होता, आणि तुकड्या-तुकड्यावर पिल्लं येऊन चिकटली. उन्हाळ्यापर्यंत चकली कालवांच्या खडकांवरच चढली होती.

खाडीतली चकली कुठून आली हे शोधायला मृण्मयीला वेळ लागला नाही. बीज तपासल्यावर सगळी एकाच दगडाची निघाली, आणि तो दगड खडपवाडीच्या बांधाच्या दक्षिण टोकाचा होता. दक्षिण टोकाला घर एकच. हर्षला पडवीत बसून नातवाला, तिच्या मुलाच्या पोराला, पेज भरवत होती. मृण्मयी पायरीवर बसली आणि तिने सरळच विचारलं.

"मी दिलंय," हर्षला म्हणाली. "चोरून नाय. दिवसाढवळ्या, ओटी भरून दिलंय."

"हर्षलाताई, मी तुम्हाला सांगितलं होतं. बोर्ड लावला होता."

"दगड हलवू नका म्हणान सांगितलास. लेकीक देव नका म्हणान नाय सांगूक."

हे बोलणं निसटून जाण्यासाठी नव्हतं. हर्षलाच्या मनात ती खरोखरच दोन वेगळी कामं होती. मृण्मयीचीही आई साताऱ्याला होती, आणि ती प्रत्येक वेळी तिथून कढीपत्त्याचं रोप, नाहीतर लोणच्याची बरणी घेऊन यायची. तिला रागवायचं होतं, पण कशावर ते नीट सापडेना.

"काय उपाय आसा?" हर्षलाने विचारलं.

उपाय होता. प्रयोगशाळेने सुरुवातीलाच एक उतारा तयार करून ठेवला होता. तो पाण्यात सोडला की या बदललेल्या गोगलगायीला धागे करता येत नाहीत. धागा नाही तर जेवण नाही. महिन्याभरात ती मरते, आणि दुसऱ्या कुठल्या जिवाला त्रास होत नाही. पण खाडीचं पाणी खाडीत राहत नाही. ओहोटीबरोबर ते तोंडातून बाहेर पडतं आणि पुळणीला वळसा घालून खडपवाडीच्या बांधावर येतं.

"मगे आमचो बांध?"

"तोही मरेल. लगेच पडणार नाही. मेलेल्या नळ्या काही पावसाळे टिकतील. मग सुटत जातील."

"नवीन बांधा मगे."

"नवीन बांधाला आता कोणी परवानगी देणार नाही. खाडीत जे झालं ते पाहिल्यावर मीही मागणार नाही."

नातवाने पेजेचा चमचा तोंडातून बाहेर ढकलला. हर्षलाने तो त्याच्या गालावरून निपटून पुन्हा आत घातला.

बांध खडपवाडीचा, त्यामुळे उतारा टाकायचा की नाही हे खडपवाडीच्या ग्रामसभेने ठरवायचं होतं. सभेच्या आदल्या दिवशी दुपारी हर्षला आणि तिचा मुलगा सर्वेश जाळं विणत बसले होते.

"आये, तू उद्या उताऱ्यासाठी हात वर करतलंस," सर्वेश म्हणाला. त्याने विचारलं नव्हतं.

"तुझी भयण ती."

"भयण म्हणानच सांगतंय. घोवाक घेवन तिका हय येव दे. दोन खोली वाडवू. पण घर रवला तर येतली ना? घरच गेला तर ती तरी खय येतली, आनी आमी खय जातलो?"

"तिची सासू, तिच्या वाडीतल्यो बायलो, त्या सगळ्यांका हाडतलंस दोन खोलयेत?"

सर्वेशने गाठ मारली आणि धागा दाताने तोडला. "ह्यां सगळा कोणी केल्यान पण? त्यांनी मागितल्यानी काय दगड?"

हर्षलाने जाळं खाली ठेवलं. सर्वेशचं खोटं काहीच नव्हतं, हीच मोठी पंचाईत होती.

सभा शाळेच्या पटांगणात, मांडवाखाली भरली. जुव्यावरची माणसं होडीने आली होती. त्यांना मत नव्हतं, म्हणून ती मागे, माडांच्या रांगेपाशी उभी राहिली. तेजल पुढे होती. हर्षला तिसऱ्या ओळीत बसली. नातू तिच्या मांडीवर पेंगला आणि तिच्या उजव्या हातावर डोकं टाकून झोपून गेला.

मृण्मयीने सगळं सांगितलं. दोन्ही बाजूंचं, काही न लपवता. उतारा टाकला तर खाडी दोन-तीन वर्षांत सावरेल, नाही टाकला तर पुढच्या दोन-तीन वर्षांत कालवं संपतील. कोणी म्हणालं की खाडीच्या तोंडाशी पडदा लावा आणि आतल्या आतच उतारा टाका. मृण्मयी म्हणाली की भरती-ओहोटी अडवेल असा पडदा अजून कोणाला करता आलेला नाही.

"विज्ञान आमका बांध देता आनी त्यांका उपास देता, असा कसा?" मागून एक म्हातारा म्हणाला. लोक हसले. मृण्मयी हसली नाही. "विज्ञानाने दगड दिला होता, काका," ती म्हणाली. "तो कुठे ठेवायचा तेही सांगितलं होतं. पण माणसं कशी राहतात ते आम्ही विचारलं नाही. चूक आमचीही आहे."

सरपंचांनी माडांकडे पाहिलं. "जुव्याच्या लोकांका मत नाय. पण बोलाक हरकत नाय. कोण बोलता?"

तेजल दोन पावलं पुढे आली. "बांध आमका कोणी दिल्यान, ता मी बोलूचंय नाय," ती म्हणाली. "चांगल्या मनान दिल्यान. पण आमका तो नको. अंगणात पाणी परवडला असता. पाटार बसान जेवूक येता. कालवां नाय ती नाय परवडत. आमचा पाणी आमका परत देवा. दुसरा काय नको."

ती परत माडाशी जाऊन उभी राहिली. मांडवात बऱ्याच जणांनी खाली पाहिलं. जुव्यात मुली दिलेली घरं खडपवाडीत आणखीही होती.

"उतारा टाकूचो, ह्या मताचे असतीत त्यांनी हात वर करा," सरपंच म्हणाले.

काही हात वर गेले. फार नाहीत. एक पाठमोरी म्हातारी, दोन तरुण पोरी, ज्याची बहीण जुव्यात होती तो मास्तर. मास्तरचा हात वर गेला, खांद्यापर्यंत खाली आला, पुन्हा वर गेला. हर्षलाने समोर पाहिलं. मांडवाच्या खांबांमधून बांध दिसत होता. भरती होती, आणि लाटा त्याच्यावर येऊन मुकाट्याने मोडत होत्या. बांधाच्या दक्षिण टोकामागे तिचं घर, नवीन बांधलेली स्वयंपाकघराची भिंत, तिला अजून रंग द्यायचा राहिला होता.

नातू उजव्या हातावर झोपला होता. डावा हात मोकळा होता, पण तो वर गेला नाही.

"ठराव नामंजूर," सरपंच म्हणाले.

हर्षलाने वळून पाहिलं तेव्हा माडांच्या रांगेपाशी कोणी नव्हतं. होडीकडे जाणाऱ्या वाटेवर पाठी दिसत होत्या, आणि त्यातली तेजलची कुठली हे तिला ओळखता आलं नाही.

त्या वर्षी तेजल दिवाळीला आली नाही. होळीला आली नाही. फोन लागे, पण तो तिची सासू घेई, आणि म्हणे, "ती भायर गेली हा." मृण्मयी वर्षभराने बदली करून घेऊन गेली. जाण्याआधी ती पडवीत येऊन थोडा वेळ बसून गेली. तिच्या जागी आलेल्या तरुण शास्त्रज्ञाने बांधावर नवीन बोर्ड लावला. त्यावर आता लिहिलं होतं: दगड हलवू नये, नेऊ नये, कोणासही देऊ नये.

बांध छान वाढला. एवढ्या वर्षांत खडपवाडीत एकाही घरात पाणी आलं नाही. पेपरात त्याचा फोटो आला. फोटोत हर्षलाच्या स्वयंपाकघराची भिंत होती, आता रंगवलेली.

कांदळजुवा उठला तो एका पावसाळ्याच्या तोंडावर. पाण्यामुळे नव्हे. अंगणं कोरडी ठणठणीत होती. एकेक घर बंद करून माणसं निघून गेली, कोणी कुडाळला, कोणी गोव्याला. तेजल आणि तिचा नवरा काजूच्या कारखान्यात जाणार होते, वेंगुर्ल्याच्या बाजूला. गाडी खडपवाडीच्या स्टँडवरून सुटत होती, म्हणून तेजल घरी आली.

नवरा स्टँडवर सामानापाशी थांबला होता. ती एकटीच आली. पडवीच्या पायरीवर उभी राहिली, आत आली नाही. नातू आता शाळेत जायला लागला होता. तो दप्तर टाकून आला आणि तिच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसा बघून आत गेला.

"बस गो. च्याय करतंय," हर्षला म्हणाली.

"नको. गाडी चुकतली."

"भाकरी तरी घेवन जा. वाटेर काय खातलंस? आनी थांब, विरजण देतंय. सकाळचाच दही आसा." ती लगबगीने चुलीकडे वळली आणि मग थांबली. "डबो खय आसा?"

"तोच देवक इलंय."

तेजलने पिशवीतून स्टीलचा डबा काढला आणि पडवीच्या कठड्यावर ठेवला.

"भरून देतंय," हर्षला म्हणाली. "थय नवीन जाग्यार दही लागाक विरजण नको?"

"थय दही पिशवीत गावता, आये. दुकानात." तेजलने आईकडे पाहिलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता. पत्ता सांगावा तसं ती बोलत होती. "कारखान्यात दोन पाळये आसत. घरात दही लावूक कोण आसतला?"

"दिवाळीक येतलंस?"

"बघूया."

ती खाली उतरली. अंगणाच्या बेड्यापाशी, फाटकाशी, क्षणभर थांबली, बांधाकडे पाहिलं. ओहोटी होती. नळ्यांच्या तोंडांतून धागे निघून उथळ पाण्यात लोंबत होते, ऊन पडलं की चमकत होते. मग तिने पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि ती स्टँडच्या वाटेला लागली. पिशवी हलकी होती, चालताना तिच्या कमरेवर आपटत होती.

हर्षला बराच वेळ वाटेकडे बघत राहिली. गाडीचा हॉर्न वाजला तेव्हा तिने डबा उचलला. उचलतानाच तिला कळलं होतं, तरी तिने झाकण उघडून पाहिलं. चार दाणे साखरेचे असतील, चिमूटभर मीठ असेल, निदान एखादं फूल. शेजारीण रागावली तरी एवढं टाकते.

डबा घासून, पुसून, उन्हात वाळवलेला होता. झाकणाच्या खाचेत कितीही घासलं तरी काहीतरी राहून जातं. तिथेसुद्धा काही नव्हतं.